मेजर जमनाचं काय करायचं

सेनानीला मरण रणांगणावरच शोभतं, आणि त्या मरणातच कथेचं मोठेपण असतं.

कुसुमताई, हे वाक्य माझं. शहाद्याच्या वाचनालयात तुमच्या तिसऱ्या कादंबरीवर बोलताना मी ते टाकलं होतं. समोर वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी चहा कुठवर आला ते बघायला दाराकडे मान वळवून बसली होती, आणि माइक दर तीन शब्दांनी घरघरत होता. तुम्ही दवाखान्यातून थेट आला होतात, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. भाषण संपल्यावर जवळ आलात आणि हळूच विचारलंत, "सर, मरीसन काय भेटस?"

"मोठेपण," मी म्हणालो.

"कोणाला? जमनाला की तुम्हाला?"

चहा आला, म्हणून मी उत्तर द्यायचं टाळू शकलो. त्यानंतर तीन कादंबऱ्या झाल्या, आपला वाद तिथेच राहिला. मी म्हणायचो, मेजर जमनाला एकदा तरी मरू द्या. तुम्ही म्हणायचात, पुढच्या पुस्तकात बघू. सातवं पुस्तक तुम्ही अर्ध्या पानावर सोडून गेलात, आणि जमना जगणार की मरणार हे ठरवायचं काम माझ्या अंगावर आलं. मी त्याचं काय केलं ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही मधे तोडणार नाही, एवढीच काय ती सोय.

तुमची पुस्तकं वाचलेल्या प्रत्येकाला वाटायचं की तुमच्या घरात कोणीतरी फौजेत असणार. प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी उठून विचारायचंच, "मॅडम, मिस्टर आर्मीत होते का?" तुम्ही सांगायचात, मिस्टर केळीत होते. आणि तुम्ही स्वतः पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे सारंगखेड्याच्या पंचक्रोशीतल्या गाईम्हशींना लस टोचणाऱ्या बाई. ज्या बाईनं शनीच्या कड्यांमधल्या बर्फासाठी चाललेलं पन्नास वर्षांचं युद्ध लिहिलं, ती सकाळी कोपरापर्यंत हातमोजा घालून अडलेली म्हैस सोडवून आलेली असायची.

म्हणून तुमच्या फौजेतली यानं आजारी पडायची. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. अर्धी यंत्र, अर्धी जिवंत अशी ती यानं. सैनिक त्यांना घोड्या म्हणत. जमनाच्या घोडीचं नाव अबलख. पहिल्याच पुस्तकात ऐन चढाईच्या आधी अबलखला पोटशूळ होतो, आणि मेजर जमना हल्ल्याचा हुकूम रद्द करून तिला तळाभोवती चार तास फिरवत राहते. तुमचा संपादक म्हणून मी हस्तलिखिताच्या कडेला लिहिलं होतं : "हे हास्यास्पद आहे." तुम्ही खाली लिहून पाठवलंत : "पोटशूळ झालेली घोडी बसू द्यायची नसते. उभी राहिली तर जगते." तुमचं युद्धशास्त्र एवढंच होतं. जमना सात पुस्तकांत एकदाही भाषण करत नाही. ती दाणापाणी मोजते, पट्टे तपासते, आणि लोकांना परत घेऊन येते.

परत घेऊन येणं. तुम्ही मला एकदा सातपुड्यात मोलगीला नेलंत ते आठवतं. बाजाराचा दिवस होता, तुमचं लसीकरण होतं, आणि मी तुमच्या जीपमध्ये मागे बर्फाच्या पेटीवर बसून आलो होतो. एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन आली होती, एक लंगडत होती. तुम्ही खूर साफ केलात, पट्टी बांधलीत. म्हातारी तिच्या भाषेत बरंच काही बोलली, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बाजार उठल्यावर ती डोक्यावर मिठाची आणि तेलाची पाटी घेऊन, शेळ्या पुढे घालून डोंगराकडे निघाली. मी म्हणालो, केवढं चालत आली असेल बिचारी. तुम्ही म्हणालात, "आली ते सोडा सर. येताना पाटी रिकामी असते. आता बघा." आपण ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. त्याला बराच वेळ लागला. "हीच माझी जमना," तुम्ही म्हणालात. "बाजाराला पोचायचं कोणीही लिहील."

मी तेव्हा काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो असणार. मला आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

आता रुमालाचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं जण हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटं धरून बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. शेवटी दुसऱ्यानं पंजा मिटून घट्ट धरला की पटलं. मग बदल नाही. तुमचे वडील यात मुरलेले होते, आणि मुलगी असूनही तुम्हाला त्यांनी ते शिकवलं होतं. दुसऱ्या पुस्तकात शत्रू फौजेचा प्रत्येक संदेश ऐकतो, तेव्हा तुम्ही जमनाच्या हातात रुमाल दिलात. सेनापती अवकाशपोशाखातले जाडजूड हातमोजे एकमेकांत अडकवतात, वर कापड टाकतात, आणि युद्धाचा आराखडा बोटांनी ठरवतात. हुकूम देणारा बोटं धरतो. घेणाऱ्याला पटलं तर तो मूठ मिटतो, नाही पटलं तर हात काढून घेतो. तुमच्या फौजेत हुकूम नाकारता येत होता.

मी म्हणालो, अशी फौज जगात नसते.

"म्हणून तर शनीवर नेली," तुम्ही म्हणालात.

त्या पुस्तकाच्या शेवटी तुम्ही एक परिशिष्ट जोडलं होतं, कोणत्या बोटांचा काय अर्थ. मी ते कापलं. कथेचा वेग मंदावतो, असं कारण दिलं. खरं कारण असं की ते मला पोरकट वाटलं. आणि एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. रुमालाचं ते प्रकरण मी छापून आल्यावर तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मला चष्मा काढून ठेवावा लागला. तुम्ही मात्र माझ्याकडून कायम हेच ऐकलंत की तिथे दोन परिच्छेद कमी हवे होते.

दवाखान्यात मी दुपारी आलो. अर्धांगाच्या झटक्यानं तुमची डावी बाजू गेली होती, वाचा गेली होती. पलंगाच्या डोक्याशी पाटी होती : तोंडाने काहीही देऊ नये. तुमचा भाचा जितू खिडकीशी उभा राहून फोनवर कुणाला तरी रक्तदाब सांगत होता. मी स्टुलावर बसलो आणि माणसं अशा वेळी बोलतात तसं मूर्खासारखं बोलत राहिलो. सातव्या पुस्तकाची मुद्रितं, प्रकाशकाचा फोन, वाचनालयाचा पंखा. तुमची नजर माझ्यावर होती. मग तुम्ही उजव्या हातानं चादरीचं टोक ओढलंत आणि आपल्या हातांवर टाकलंत.

मला वाटलं, थंडी वाजतेय.

चादरीखाली तुम्ही माझी बोटं धरलीत. एकदा, सोडून पुन्हा एकदा. पकड फार ढिली होती. मी तुमचा हात माझ्या पंज्यात मिटून घट्ट धरला.

तुम्ही डोळे मिटलेत. मागून जितूचा आवाज आला. फोन त्याच्या हातात तसाच होता.

"सर, सौदा पटी गया."

"काय?"

"तुम्ही पंजा मिटा ना. फुईनी काय मांगं, कितला बोटं धरेल व्हतात?"

आत्याला इकडे फुई म्हणतात एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं. बोटं किती धरली होती, ते कळलं नव्हतं. मी म्हणालो, तीन. मग म्हणालो, चार. जितू माझ्याकडे असं बघत होता, जसं तो यात्रेत दात न बघता घोडं घेणाऱ्याकडे बघत असेल. "अरे सर," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ते कापलेलं परिशिष्ट माझ्याच घरात सापडलं. त्याच्या पाठकोऱ्या पानांवर मी जुन्या मासिकांची यादी केली होती. तुमचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. एक बोट, पुढे चला. दोन बोटं, आहात तिथेच थांबा. तीन बोटं, पाणी संपलं. चार बोटं, माघार घ्या, सगळ्यांना घेऊन परत या. पंजा मिटला, पटलं; आता बदल नाही.

तुमच्या शेवटच्या वहीत जमना कुठे उभी आहे, हे मला पाठ आहे. तळ पडायला आलाय. अकरा घोड्या जखमी, त्यात अबलखही. कुणीतरी मागे राहून दीपस्तंभ चालू ठेवला तर बर्फाचा तांडा वाट न चुकता पोचेल, आणि जो राहील तो मरेल. नाहीतर सगळ्यांनी परत फिरायचं आणि पन्नास वर्षं धरलेला तळ सोडून द्यायचा. जमना आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, म्हाताऱ्या सुभेदाराला बोलावते. शेवटचं वाक्य : "जमनानं रुमाल काढला." त्याखाली रेघाच रेघा.

तेव्हा पहिले दोन दिवस माझी खात्री होती की बोटं चारच होती. तुम्ही मला जमनाचा शेवट सांगितलात. माघार, सगळ्यांना घेऊन परत. वाचा गेलेली लेखिका चादरीखाली आपली कादंबरी पूर्ण करते, आणि तिचा टीकाकार नकळत तिच्याशी सहमत होतो. हे मी दोन-तीन जणांना सांगितलंही. एका वार्ताहरानं लिहूनही घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तुमचे ओठ आठवले. भेगा पडल्या होत्या. तुमची नजर आधी टेबलावरच्या बाटलीकडे गेली होती, मग माझ्याकडे आली होती. करंगळी तुमच्या पकडीत होती की नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नसेल, तर तुम्ही पाणी मागत होतात. पाटी लावलेली होती, मी देऊ शकलोच नसतो, नर्सनंही तेच सांगितलं. पण कापूस ओला करून ओठांवरून फिरवता आला असता. मी मात्र पंजा मिटला. म्हणजे तुम्हाला सांगितलं की कळलं, करतो. आणि तुम्ही विश्वास ठेवून डोळे मिटलेत.

त्या वार्ताहराला मी फोन केला. तो म्हणाला, सर, छापून आलंय.

मग प्रकाशक घरी आले. धुळ्याहून खास गाडी करून. श्रद्धांजली सभेतच पुस्तकाचं प्रकाशन करायचं, पाहुणे ठरलेत, फक्त शेवटचं प्रकरण हवं, आणि ते माझ्याइतकं कोणाला जमणार, असं म्हणाले. त्यांच्या मते जमनानं मागे राहावं. दीपस्तंभापाशी वीरमरण. "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, सेनानीला मरण रणांगणावरच शोभतं? आम्ही ते मागच्या कव्हरवर घेतोय."

माणसानं भाषणं करू नयेत. ती कुणीतरी लक्षात ठेवतं.

आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी ते लिहिलं. एका बैठकीत चार पानं. बर्फाच्या तांड्याचे दिवे एकेक करून दूर जातात, जमना अबलखच्या मानेवर हात ठेवून बसलेली, दीपस्तंभ विझत नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली चार पानं आहेत. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मी अखेर केलं, आणि केलं तेव्हा तुम्ही अडवायला नव्हतात.

ती पानं मी आधी जितूला वाचून दाखवली. तो गोठ्यात होता, घोडीला खरारा करत. माझं वाचून होईपर्यंत त्याचा हात थांबला नाही, पण ऐकत होता. मी कागद खाली केल्यावर म्हणाला, "भारी शे सर. पन फुई हाई लिखतीच नही."

"का?"

"ती मरी गयी, मंग घोडीसले दाना कोन दी?"

मी म्हणालो, घोड्या तांड्याबरोबर गेल्या आहेत. "मंग अबलख?" त्यानं विचारलं. चार सुंदर पानांत मी एका जखमी जनावराला तहानलेलं, दाणा न देता, मरायला मागे ठेवलं होतं, आणि हे मला दिसलंच नव्हतं.

मग मी दुसरा शेवट लिहिला. चार बोटांचा. सुभेदार मूठ मिटतो, सगळे परत फिरतात. त्यात चूक काही नव्हती. फक्त प्रत्येक वाक्यात मी स्वतःला सोडवून घेत होतो. बोटं चार होती, पाणी कुणी मागितलं नव्हतं, असं दर ओळीला ओरडून सांगत होतो. ते जितूला वाचून दाखवलं नाही. चुलीत घालण्याइतका नाटकीपणा माझ्यात नाही. दोन्ही शेवट कपाटात आहेत.

सभा झाली. तुम्हाला आवडली नसती. व्यासपीठामागे तुमचा लग्नातला फोटो मोठा करून लावला होता आणि वर लिहिलं होतं, साहित्यातील रणरागिणी. हा शब्द कुणी वापरला की तुम्ही विचारायचात, रागिणी कोण, मी की म्हैस? अध्यक्षांनी तुमचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ते सविस्तर बोलले. मेजर जमनाच्या हौतात्म्याचा त्यांनी दोनदा उल्लेख केला. प्रकाशकांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पुस्तक वेळेत झालं नाही, म्हणून प्रकाशन झालं नाही, पण पुष्पगुच्छ मागवलेले होते, ते दिले गेले. तुमच्या खात्यातले एक निवृत्त डॉक्टर उठले आणि एवढंच म्हणाले की या बाईच्या हातून दगावलेल्या जनावरांपेक्षा उभी राहिलेली कितीतरी जास्त आहेत. मग त्यांना पुढे सुचेना, ते खाली बसले. त्या संध्याकाळी तुमच्याविषयी कुणी बोललं असेल तर ते.

मला बोलायला सांगितलं. मी माइकपाशी गेलो आणि सांगितलं की कुसुमताईंनी शेवटी मला काहीतरी सांगितलं, मी हो म्हणालो, आणि काय सांगितलं ते मला माहीत नाही. लोकांना ते अलंकारिक वाटलं. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना कळवलं की शेवटचं प्रकरण नाही. ते रागावले, मग अजिजीनं बोलले, मग म्हणाले की वाचक आम्हाला शिव्या देतील. मी म्हणालो, देऊ द्या. जमनाचा हात अजून रुमालाखाली आहे. तिनं किती बोटं धरली, ते कुसुमताई, तुम्हाला माहीत होतं, मला नाही. आणि ज्याला एकदा मोजता आलं नाही त्यानं दुसऱ्यांदा मोजायला बसू नये. जगली तर तुमच्या हातून जगली असती. मेली असती, तर त्याआधी तुम्ही अबलखची काहीतरी सोय केली असतीत.

तुमचं शेवटचं वाक्य आहे तिथेच पुस्तक संपवायचं ठरलं. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात होते, त्यामुळे मागे सहा पानं उरत होती. ती कोरी सोडा, असं मी बजावलं. प्रस्तावनेतही लिहिलं की ही सहा पानं लेखिकेची आहेत, वाचकानं त्यांच्यापाशी क्षणभर थांबावं.

काल गठ्ठा आला. सहांपैकी पहिल्या पानावर ठिबक सिंचनाच्या नळ्यांची जाहिरात आहे, आणि उरलेल्या पाचांवर पशुखाद्याची.